बीबी हुर्मतच्या पाच सकाळी

"माझ्या आईला घरातलंच माणूस मारतंय," हिकमत मुअल्लिम म्हणाला. टोपीवरचा बर्फ झटकायचंही त्याला सुचलं नव्हतं.

शोदी उस्तादनं नानचा तुकडा चहात बुडवला होता, तो तिथंच विरघळून तळाशी गेला. चाळीस वर्षं ऐरणीवर चाकू घडवलेला माणूस, पण असलं काही कानावर पडलं की त्याचे हात थांबायचे.

शराफत आपांचे हात थांबले नाहीत. त्यांनी पाहुण्यासाठी पेला विसळला, चहा ओतला आणि पुढे सरकवला.

"मारतंय म्हणता, म्हणजे आई अजून आहे. मग घाई नको, क्रमानं सांगा. मुअल्लिम म्हणवता, शाळेत गणित शिकवता ना?"

आपांनी तीस वर्षं सरकारी औषधकोठार सांभाळलं होतं. जिल्ह्यात कुठं औषधानं घात झाला की चौकशीला त्यांनाच धाडायचे. पेन्शन लागली, पण लोकांनी त्यांना काही पेन्शनीत बसू दिलं नाही. इस्तरवशन शहरात कुणाला पोलिसांकडे जायचं नसलं आणि गप्पही बसवत नसलं की तो आपांचं दार वाजवी. शोदी शेजारी होता, त्याच्याकडे जुनी गाडी होती, आणि घरी बसून सुनांची बोलणी खाण्यापेक्षा त्याला आपांची बोलणी परवडत.

हिकमतनं चौकटीचा कागद उलगडला.

"एकवीस जानेवारी, पंचवीस, एकोणतीस, एकतीस. आणि काल, एक फेब्रुवारी. पाच सकाळी. दर वेळी नऊ-साडेनऊला आईला दरदरून घाम फुटतो, हात कापतात, भलतंच बोलायला लागते. साखर मोजली की दोन मिलिमोलच्या घरात. सहा-सात हवी, चारच्या खाली धोका, हे तुम्हाला मी काय सांगायचं!"

"इन्सुलिन घेतात?"

"ऑक्टोबरपासून. त्याआधी गोळ्या होत्या. नर्स पारवोना रोज सकाळी साडेसातला येऊन टोचते. तीन महिने काडीचा त्रास नव्हता."

"संशय कुणावर?"

"थोरल्या वहिनीवर. मेहरीवर." हिकमतचं बोट तारखांवरून फिरलं. "घरात दोन सुना. एक दिवस मेहरी रांधते आणि आईचं सगळं करते, दुसऱ्या दिवशी माझी बायको झुलैखा. एकआड एक, कधी खंड नाही. एकवीस, पंचवीस, एकोणतीस, एकतीस, चारही दिवस मेहरीच्या पाळीचे."

"आणि काल?"

मुअल्लिम जरा अडखळला. "काल पाळी झुलैखाची होती. पण एकतीसला संध्याकाळी आम्ही मेहरीला तोंडावर विचारलं होतं. लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! आळ झुलैखावर यावा म्हणून केलं तिनं. आणि आज मेहरीची पाळी असून तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही, तर आज आई ठणठणीत. आणखी काय हवं?"

"तुम्हाला काही नको दिसतंय. मग माझ्याकडे का आलात?"

"आईनं पाठवलं." तो नाराजीनं म्हणाला. "मोठा भाऊ सलीम रशियात असतो. उद्या बाराला, जेवणाच्या सुट्टीत, त्याचा फोन येईल आणि तो फोनवरच तिला सोडेल. मेहरी माहेरी जाईल, तिन्ही मुली आमच्याकडे राहतील. पण आई हटून बसलीय. म्हणते, शराफत आली, तिनं पाहिलं, की मग काय ते करा."

त्यानं खिशातून आणखी एक वस्तू काढली. गोळ्यांची पट्टी, कात्रीनं आडवी कापलेली. नावाचा भाग दुकानातच राहिला होता. बारीक गोळ्यांच्या ओळी, आणि ओळींमधून छापलेले छोटे बाण.

"मेहरीच्या पेटीत, शालीच्या घडीत सापडली. साखर उतरवायच्या गोळ्या असणार."

आपांनी पट्टी उजेडात धरली, मागून-पुढून पाहिली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून डबी बंद केली.

"ही माझ्याकडे राहू दे. उस्ताद, गाडी काढा."

गाडीत बसताना शोदी कण्हला.

"पुन्हा कंबर?" आपांनी विचारलं.

"सकाळी मिरचीचं मलम चोळलंय. बायको म्हणाली होती आग होईल, पण कसली आग! विझलेल्या भट्टीसारखं गार पडलंय. सगळा बाजार भेसळीचा झालाय."

हिकमतचं घर किल्ल्याच्या टेकडीखाली. अंगणात जर्दाळूचं झाड बर्फानं वाकलेलं, आणि पडवीत दाराजवळ एक बांधलेलं गाठोडं. ते कुणाचं हे शोदीनं विचारलं नाही. गाठोड्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. कुणी उचलून नेऊ नये म्हणून बसावं तशी, दोन्ही हातांनी गाठ धरून.

महल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर वीस तारखेला जळल्यापासून वीज आली तर आली. म्हणून बैठकीत संदली मांडली होती. जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, वर बुटकं मेज, मेजावरून चारी बाजूंना लोळणारी जाड रजई. बीबी हुर्मत भिंतीला टेकून कमरेपर्यंत रजईत शिरल्या होत्या. डावा पाय तेवढा बाहेर होता, वेगळ्या शालीत गुंडाळून उशीवर ठेवलेला. टाचेला पट्टी होती.

"ये गं शराफत. आणि हा कोण? शोदी लोहार ना? अरे, माझ्या लग्नातला मांस कापायचा सुरा तुझ्या बापानं दिलेला. अजून कापतो. तू दिलेला मात्र दोन वर्षांत बोथटला."

"बीबी, तो तुम्ही हाडांवर चालवला असणार," शोदी म्हणाला आणि पाय रजईत सारून बसला. थंडीतून आल्यावर ती ऊब हाडांत उतरली. त्यानं सरकत सरकत कंबरही आत घेतली.

"पायाला काय झालं?" आपांनी विचारलं.

"टाचेला जखम आहे, भरतच नाही. डॉक्टर म्हणाला, साखरेच्या माणसाला चटका कळत नाही, हा पाय निखाऱ्यापासून लांब ठेवा. म्हणून याला हद्दपार केलाय. दुसऱ्याची चैन आहे. न्याहारी झाली की इथं बसते ती दुपारच्या नमाजलाच उठते."

"बीबी, सरळ विचारते. मेहरी तुमच्या जिवावर उठलीय असं तुम्हाला वाटतं?"

म्हातारीनं शालीतला पाय उशीवर नीट केला.

"ती माझ्याशी गोड बोलत नाही," मग त्या म्हणाल्या. "धाकटी गोड बोलते. पण घाम सुटून डोळ्यांपुढे अंधार आला ना, की पाचांतल्या चार वेळा माझ्या तोंडाला खडीसाखरेचं पाणी लावणारा हात थोरलीचा होता. आता मला सांग, विषही तिनंच द्यायचं आणि उताराही तिनंच?"

"दाखवायला करते," दारातून हिकमत म्हणाला.

"तू गप. मास्तरकी शाळेत."

तेवढ्यात शोदी ओरडला आणि टुणकन उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी कंबर धरून तो खोलीभर नाचू लागला.

"आग! आग लागली! सकाळपासून मेलेलं मलम आत्ता जिवंत झालंय! खेचर चावल्यागत होतंय!"

बीबी हुर्मत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हिकमतसुद्धा हसला. आपा हसल्या नाहीत. त्या शोदीकडे बघत राहिल्या, मग रजईकडे, आणि मग उठून स्वयंपाकघराकडे वळल्या.

झुलैखा कढईत कांदा परतत होती. गोरी, नीटनेटकी, बोलायला चटपटीत.

"माझ्या तोंडून कुणाचं वाईट निघायचं नाही, आपा," तिनं सुरुवात केली आणि पाच मिनिटं मेहरीचं वाईटच सांगितलं. मेहरी घुमी आहे. मेहरी पेटीला कुलूप लावते. मेहरीला तीन मुलीच, म्हणून मनात जळते.

"तेवीस आणि सत्तावीस तारखेलाही मेहरीचीच पाळी होती," आपा मधेच म्हणाल्या. "त्या दिवशी बीबींना काही झालं नाही. विष घालणाऱ्यांनाही सुट्टी असते का गं?"

झुलैखाचा झारा थांबला. "तेवीसला… बीबी चुलतबहिणीकडे मयताला गेल्या होत्या. सुई टोचून घेतली, मेहरी आपानं केलेली न्याहारी खाल्ली आणि निघाल्या, त्या संध्याकाळी आल्या. सत्तावीसला दिवसभर वीज होती. आतल्या खोलीत हीटर लावून पलंगावर मालिका बघत पडल्या होत्या."

"तेव्हाही न्याहारी मेहरीचीच?"

"हो."

"आणि काल? खरं सांग. काल मेहरी तुझ्या चुलीपाशी आली होती?"

झुलैखानं कुर्त्याला हात पुसले. बाहेर नवरा आहे का हे तिनं पाहिलं.

"नाही," ती हळूच म्हणाली. "मी कढईला चिकटून उभी होते. दूधही मीच तापवलं. पण मग झालं कसं, आपा? मी तर काही केलं नाही. म्हणजे तिनंच केलं असणार ना?"

"बीबींच्या जुन्या गोळ्या कुठे आहेत?"

त्या फळीवर, डाळींच्या डब्यांमागे होत्या. डब्यावर धूळ होती आणि दुकानदाराची चिकटपट्टी अजून फुटलेली नव्हती. आपांनी डबा पाहून परत ठेवला.

मेहरी गोठ्यात गाईपाशी सापडली. चुलीवरून हाकललं तर तिनं शेणाचं काम उचललं होतं. उंच, हाडाची, डोळे सुजलेले. तिनं सलाम केला आणि उभीच राहिली.

"एकतीसला काय झालं ते सांग."

"त्या दिवशी जास्त झालं. दातखीळ बसली. मी पाणी पाजलं नाही, घशात अडकलं असतं. कुशीवर वळवलं आणि गाडी बोलवायला ओरडले. डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली तेव्हा शुद्धीवर आल्या."

"कुणी शिकवलं हे?"

"पारवोनानं, पहिल्या दिवशी. मी ऐकून ठेवलं होतं."

आपांनी चष्म्याची डबी अर्धवट उघडली, मेहरीला दिसेल एवढीच. मेहरीचा चेहरा राखेसारखा झाला.

"या कशाच्या आहेत, हे तू सांगितलंस तर निम्मा आळ आत्ता उतरेल."

"नाही सांगणार." आवाज बसका होता, पण कापत नव्हता. "विष घालणारी म्हणून हाकलली तर मुली म्हणतील, आईवर आळ आला होता. हे कळलं तर घरातलं कुणीच… नाही सांगणार. तुम्ही विचारू नका, आपा."

"विचारत नाही," आपा म्हणाल्या आणि डबी बंद केली.

तीन वाजता नर्स पारवोना टाचेची पट्टी बदलायला आली. पंचविशीची, गाल थंडीनं लाल, खांद्यावर फुगलेली पिशवी. चौकशी म्हटल्यावर तिनं आधी हनुवटी वर केली.

"मी पाच गोष्टी पाहिल्याशिवाय सुई लावत नाही." तिनं एकेक बोट दुमडलं. "माणूस बरोबर. औषध बरोबर. मात्रा बरोबर. वेळ बरोबर. द्यायचा मार्ग बरोबर. मग वहीत लिहिते आणि सही करते. बघा."

वही स्वच्छ होती. नाव, औषध, चोवीस युनिट, साडेसात, सही. रोज तसंच.

"बाटली घरात ठेवतेस?"

"छे! वीज नाही, फ्रिज बंद. प्रत्येकाची बाटली नावासकट माझ्याकडेच असते. घरच्यांचा हात लागत नाही."

बाटलीवर बीबींचं नाव आणि 'उघडली: १० जानेवारी' असं लिहिलं होतं. आपांनी ती खिडकीशी धरली.

"मुअल्लिम, हजार युनिटची बाटली. रोज चोवीस. दहा तारखेपासून आज सकाळपर्यंत चोवीस दिवस. किती उरायला हवं?"

"चारशे चोवीस," हिकमतनं क्षणात सांगितलं.

"निम्म्याला थोडं कमी. तेवढंच आहे. जास्तीचा थेंब कुणी काढलेला नाही." आपांनी बाटली परत दिली. "सुई पोटात देतेस?"

"पोटावर दोन शस्त्रक्रियांचे व्रण आहेत, म्हणून मांडीत. एकाच जागी टोचत राहिलं तर गाठी होतात, म्हणून आळीपाळीनं. तीस घरं फिरते मी, कुणाची काल कुठली मांडी हे लक्षात कसं राहणार? सरळ तारीख बघते. विषम असली तर उजवी, सम असली तर डावी. आणि सुईसुद्धा दर वेळी नवी, हं! काही जण तीच तीच वापरतात, मी नाही."

"शाबास," आपा म्हणाल्या. "उद्या नेहमीसारखीच ये."

परतताना शोदीनं तीनदा घसा खाकरला. शेवटी म्हणालाच, "आपा, मला तर ती धाकटी वाटते. फार गोड बोलते."

"उस्ताद, गोड बोलण्यानं साखर वाढते, उतरत नाही."

"मग मेहरी? ती गोळ्यांचं सांगत का नाही?"

"प्रत्येक लपवलेली गोष्ट गुन्हा नसते. तुम्ही हुक्का कुठे लपवता हे मी तुमच्या बायकोला सांगितलंय का?"

शोदीनं घाईनं भोंगा वाजवला. मग आपाच म्हणाल्या, "आज तुम्ही मला मोठी मदत केलीत."

"मी? मी तर नुसता नाचलो."

"तेच."

दुसऱ्या दिवशी, तीन तारखेला, ते सातलाच पोचले. आपांनी आल्या आल्या हुकूम सोडले. पारवोनानं नेहमीची सुई, नेहमीची मात्रा, नेहमीच्या जागी द्यायची. न्याहारी मेहरीनं करायची. आणि बीबींनी आज संदलीपाशी बसायचं नाही, आतल्या खोलीत अंगावर कोट घालून, नातींना कुशीत घेऊन बसायचं.

"मेहरीनं?" हिकमत ताडकन उठला. "आज झुलैखाची पाळी आहे! माझ्या आईवर प्रयोग करताय?"

"आई तुझी आहे, पण तोंड माझं आहे," आतून बीबी ओरडल्या. "मेहरी, दूधचहा आण. लोणी जास्त घाल. मरायचंच तर पोटभर खाऊन मरेन."

मेहरीनं वाडगा आणून समोर ठेवला. बीबींनी नान कुस्करून त्यात घातला आणि सगळा संपवला.

आठ वाजले. पारवोनानं साखर मोजली. साडेआठला मोजली. नऊला मोजली. पडवीतल्या गाठोड्याकडे बघायचं शोदीनं टाळलं. साडेनऊला पारवोनानं आकडा मोठ्यानं वाचला.

"सात पूर्णांक एक."

दहाला सात. बीबी नातींना दटावत होत्या, घामाचं नाव नव्हतं.

"आता सगळे बैठकीत या," आपा म्हणाल्या.

सगळे संदलीभोवती जमले. बीबींना खुर्ची दिली, निखाऱ्यापासून लांब. हिकमत हाताची घडी घालून भिंतीशी उभा राहिला. त्याचा फोन समोर मेजावर होता.

"मुअल्लिम, तुमचा कागद द्या." आपांनी तो रजईवर पसरला. "पाच तारखा. चार मेहरीच्या पाळीत बसल्या, पाचवी बसली नाही. विद्यार्थ्यानं असं गणित आणलं तर तुम्ही काय म्हणाल?"

"म्हणेन, सूत्र चुकलं."

"इथं मात्र तुम्ही सूत्र तसंच ठेवलंत. जे गणितात बसलं नाही ते सुनेच्या स्वभावात बसवलंत."

हिकमतचे कान लाल झाले.

"पाचवी तारीखच खरी साक्षीदार. झुलैखा स्वतः म्हणते, त्या दिवशी मेहरी चुलीजवळ आली नाही." झुलैखानं मान खाली घातली. "उलट तेवीस-सत्तावीसला मेहरीच्याच हातची न्याहारी, आणि बीबी ठीक. म्हणजे पाळीचा संबंध नाही, अन्नाचाही नाही. जुन्या गोळ्यांचा डबा फुटलेला नाही. इन्सुलिनची बाटली घरात नसते, आणि तिच्यातून जेवढं जायला हवं तेवढंच गेलंय. मग पाचही तारखांत सारखं काय?"

"एकवीस, पंचवीस, एकोणतीस, एकतीस, एक," हिकमत पुटपुटला. मग त्याचे हात घडीतून सुटले. "सगळ्या विषम."

"सगळ्या विषम. सुनांची पाळी एकआड एक चालते. पण एकतीसनंतर एक येते. दोन विषम तारखा पाठीला पाठ लावून. तिथं सुनांची पाळी तारखेपासून फुटली आणि त्रास मात्र तारखेबरोबर गेला. म्हणजे जे शोधायचं ते सुनांच्या नव्हे, तारखेच्या तालावर चालणारं. या घरात तारीख बघून कोण काम करतं?"

पारवोनाच्या हातातली वही खाली पडली.

"मी," ती म्हणाली. "विषमला उजवी मांडी. पण… पण त्यानं काय होतं? औषध तेच, मात्रा तीच!"

"घाबरू नकोस. अजून अर्धंच झालंय. ऑक्टोबरपासून तू विषमला उजवीकडेच देतेस आणि तीन महिने काही झालं नाही. मग विसाव्या तारखेला या घरात काय बदललं?"

शोदीची नजर सगळ्यांसारखी भिरभिरली आणि आपसूक मेजावरच्या रजईवर येऊन थांबली. हात नकळत कंबरेवर गेला.

"संदली!" तो ओरडला. "वीज गेली नि संदली मांडली! आपा, माझं मलम!"

"सांगा उस्ताद. आज तुमचा मान."

"सकाळी चोळलं तेव्हा थंड होतं. इथं कंबर शेकली आणि… ते धगीनं आत शिरलं! सगळं एकदम!"

"मलमाचं जे झालं तेच सुईतल्या औषधाचं. इन्सुलिन कातडीखाली साठतं आणि हळूहळू रक्तात उतरतं, न्याहारीच्या चालीनं. ती जागा शेकली की तिथं रक्त धावतं आणि दुपारपर्यंत पुरायचं औषध घाईनं उतरतं. साखर कोसळते. बीबी कशा बसतात ते पाहा. डाव्या टाचेला जखम, म्हणून डावा पाय बाहेर गारव्यात. उजवा मांडीपर्यंत निखाऱ्यांवर. सम तारखेला सुई डावीकडे, औषध आपल्या चालीनं जातं. विषम तारखेला सुई उजवीकडे आणि वर दोन तास शेक. तेवीसला बीबी मयताला गेल्या, सत्तावीसला पलंगावर होत्या. संदली नाही, त्रास नाही. काल मेहरीला चुलीवरून हाकललंत म्हणून आई वाचली नाही, मुअल्लिम. काल दोन तारीख होती."

हिकमतनं पुढे येऊन कागदावरच्या तारखा पुन्हा पाहिल्या.

"आज विषम तारीख," आपा पुढे म्हणाल्या. "सुई उजवीकडे. न्याहारी मेहरीची. फक्त संदली नाही. आणि साखर सात."

पारवोना रडायला लागली होती. "मी पाचही गोष्टी पाहिल्या होत्या, आपा…"

"पाचही बोटं बरोबर होती, पोरी. तळहात बघायचा राहिला." आपांनी तिचा हात धरून उघडला. "औषध बाटलीतून निघालं की संपत नाही, ते माणसाच्या घरात राहायला जातं. तो माणूस कुठं बसतो, काय शेकतो, हेही बघायचं. तुझ्या वहीत बाजू लिहायला रकाना नाही, तो आजच पाड. तीस घरांतल्या किती जणांनी संदली मांडलीय ते संध्याकाळपर्यंत विचारून ये. सुईच्या जागेला शेक नाही, गरम पाणी नाही, चोळणं नाही. आणि डॉक्टरांना हे सगळं जाऊन सांग. जागा कुठली, मात्रा किती, ते ठरवतील. मी नाही, तू नाही आणि मुअल्लिम तर मुळीच नाहीत."

"आणि त्या गोळ्या?" हिकमतनं शेवटची काडी धरली. "पेटीतल्या?"

मेहरीनं डोळे मिटून घेतले.

"त्यानं साखरेचा दाणाही हलत नाही. तीस वर्षं कोठार सांभाळलेल्या बाईचा शब्द आहे. पुढचं बायकांचं दुखणं आहे, मुअल्लिम. ऐकायचंय?"

"नको, नको," तो घाईनं म्हणाला.

बाराला फोन वाजला. हिकमतनं हात पुढे केला, पण बीबी हुर्मत खुर्चीतून वाकल्या आणि त्यांनी तो आधी उचलला.

"सलीम? हो, मीच. जिवंत आहे. ऐक, जे शब्द तोंडात घोळवत आला असशील ते गिळ. गिळलेस? आता बायकोची माफी माग. नंतर मला सलाम कर. कारण नंतर कळेल, आधी माग!" त्यांनी फोन मेहरीच्या हातात कोंबला. मग दाराकडे तोंड करून नातीला हाक मारली, "ए, त्या गाठोड्यावरून उठ आणि ते सोडून टाक! तुझ्या आईच्या शालीला सुरकुत्या पडल्या असतील."

मेहरी फोन कानाला लावून उभी होती. झुलैखा कधी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली हे कुणी पाहिलं नाही. तिनं मेहरीच्या खांद्यावरून घसरलेला रुमाल नीट केला, आणि मेहरीनं तो करू दिला.

निघताना पडवीत आपांनी मेहरीला चष्म्याची डबी उघडून दिली. पट्टी आता कागदात गुंडाळली होती.

"पट्टी कापून घेऊ नकोस. पुरी घे, नाव-तारखेसकट. रोज एकाच वेळी. चुकवायची नाही."

मेहरीनं आपांचा हात डोळ्यांना लावला.

दारातून बीबींचा आवाज आला. "शराफत, मला नऊ पोरं झाली. माझ्या वेळी असलं काही मिळत नव्हतं." त्यांनी घसा साफ केला. "मी काही पाहिलेलं नाही हं. चला, चहा निवतोय."

गाडी वळणावर आल्यावर शोदीला राहवेना.

"आपा, त्या गोळ्या कसल्या होत्या?"

"डोकेदुखीच्या."

"मग लपवायचं काय त्यात?"

"डोकेदुखी रशियात असते, उस्ताद. नवरोजला घरी येते."

शोदी किल्ला मागे पडेपर्यंत विचार करत राहिला. मग तो इतका हसला की गाडी बर्फावरून घसरता घसरता राहिली, आणि कंबरेत पुन्हा कळ आली.

"मलम लावा," आपा म्हणाल्या. "आणि भट्टीपासून लांब बसा."